खुर्ची हलत नाही

सोमवार, ता. ३

ही वही टिटवीने आणून दिली. म्हणाली, "बाबा, जेवताना जे जे बोलता ते हिच्यात लिहा, म्हणजे आईला सुखाने जेवता येईल." टिटवी म्हणजे आमची मुलगी, एकुलती एक. लहानपणी घर डोक्यावर घ्यायची म्हणून हे नाव पडलं, ते लग्न झालं तरी सुटलं नाही. या महिन्याच्या एकोणतीस तारखेला ती बोटीने नवऱ्याकडे जाणार. जावई आधीच पुढे गेले आहेत. तिथून परत कधी येणं होईल ते कोणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

आज पोस्टमास्तरांनी फोटो परत आणला. टेबलावर आपटला आणि विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, तुम्हीच. "ज्याच्या मिशा ओळखू येत नाहीत तो मी नव्हे," म्हणाले. पेन्शनीत जाऊन वर्षं झाली तरी गृहस्थ अजून खिडकीच्या जाळीआडून बोलल्यासारखे बोलतात.

मी समजावून सांगितलं की ते हलले. भिंगाचं झाकण काढल्यापासून परत लावेपर्यंत दगड होऊन बसायचं, श्वाससुद्धा चोरून घ्यायचा. मग त्यांना भिंतीवरचा फोटो दाखवला. तो टिटवीचाच आहे, चार वर्षांची असतानाचा. याच खुर्चीत बसली होती आणि झाकण काढताच वळवळली. खुर्चीच्या हातांवर कोरलेल्या सिंहांची आयाळ केस न् केस दिसते, आणि मधे बसलेल्या पोरीला मात्र दोन नाकं आणि चेहऱ्याच्या जागी धुकं. खाली मी पाटी लावली आहे, 'हलाल तर असे दिसाल'. गिऱ्हाइकाला एकदा दाखवली की पुढे तोंड वाजवावं लागत नाही.

पोस्टमास्तर म्हणाले, "नोकरीत मला तीन साहेब हलवू शकले नाहीत. तुमच्या खुर्चीत मी काय हलणार?"

पुन्हा काढून देतो म्हटलं. काय करणार! पलीकडच्या गल्लीत नवा फोटोवाला आला आहे, मागे रंगवलेला पडदा लावतो, त्यावर बाग आणि कारंजं. माणसं कारंज्याला भुलतात.

एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे. टिटवी जायच्या आत तिचा एक असा फोटो काढायचा की समोर ठेवला तर ती आता बोलेल असं वाटावं. अख्ख्या गावाला मी काचेवर उतरवलं आणि घरातलं म्हणून भिंतीवर काय, तर ते दोन नाकांचं ध्यान. हे बरं नाही.

बुधवार, ता. ५

ऊन छान पडलं म्हणून टिटवीला खुर्चीत बसवलं. काच पुसली, औषध ओतलं, चारी कोपऱ्यांत फिरवून उरलेलं बाटलीत परत सोडलं. एक थेंब सांडला नाही. या हातांबद्दल मला कुणी काही सांगू नये. अंधारखोलीत चांदीच्या पाण्यात काच बुडवली, ओली असतानाच कॅमेऱ्यात घातली, झाकण काढलं, मोजलं, लावलं. काच वाळायच्या आत सगळं उरकावं लागतं, आणि मी उरकलं.

आलं काय, तर धुकं.

कागदावरची प्रत उजेडाला धरून ही बराच वेळ बघत होती. (ही म्हणजे टिटवीची आई. काचा धुणं, प्रती उन्हात छापणं, पुठ्ठ्यावर चिकटवणं हे सगळं हिचं काम.) मी टिटवीला म्हटलं, "हललीस ना? चारची होतीस तेव्हा हललीस, आता संसार करायला निघालीस तरी तेच. एवढंसं काम सांगितलं बापाने, तेही नीट होऊ नये?" जरा जास्तच बोललो.

टिटवी आईकडे बघून म्हणाली, "हो बाबा. हलले असेन."

तेव्हा ही म्हणाली, "अहो, पण या सिंहांनाही नाकं नाहीत."

मी चमकलो. माणूस हललं तर माणूसच पुसट येतं, खुर्ची काही हलत नाही. हे तर मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून दमलो. मग सिंह पुसट कसे? सबंध दुपार विचार केला आणि उत्तर सापडलं. खुर्चीच हलते आहे! इतकी वर्षं झाली, पाय झिजले असणार. पोस्टमास्तरांवर उगाच आळ घेतला. टिटवीवरही घेतला, पण तिने स्वतःच कबूल केलं होतं.

हिला सांगितलं तर ही माझ्याकडे बघतच राहिली. कौतुक वाटलं असावं.

गुरुवार, ता. ६

सुतार आला. खुर्चीवर बसला, उभा राहिला, दोन्ही हातांनी गदागदा हलवली आणि म्हणाला, "मालक, ही नाही हलत. म्हणत असाल तर घर हलवून दाखवतो, खुर्ची नाही."

मी म्हटलं, तुला हलताना दिसणार नाही, ते भिंगाला दिसतं. जमिनीला ठोक. तो हिच्याकडे बघायला लागला. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला शेवटचा हुकूम हिचाच वाटतो. ही म्हणाली, "ठोका. त्यांचं समाधान होऊ द्या." त्याने चारी पायांना लोखंडी पट्ट्या मारल्या. आता भूकंप झाला तर घर पडेल, खुर्ची राहील.

संध्याकाळी ही डॉक्टरांकडे जाऊन आली. काय होतंय विचारलं, तर "मला काही नाही, जरा चौकशी होती." बायका आपली दुखणी अंगावर काढतात. पोरीच्या जाण्याचं मनाला लावून घेतलं असणार. मी खोदून विचारलं नाही.

शनिवार, ता. ८

खुर्ची ठोकलेली, तरी धुकं. आज दोन गिऱ्हाइकं गेली. पोस्टमास्तरांचा दुसरा फोटोही तसाच. या खेपेला त्यांनी तो आपटला नाही, हळूच ठेवला आणि "असू दे, असू दे" म्हणाले. ते जास्त लागलं.

मग वाटलं रस्त्यामुळे होत असेल. गाड्या जातात, जमीन थरथरते. टिटवीला दारात उभं केलं आणि गाडी नसेल तेव्हा खूण कर म्हटलं. कोळशाची गाडी गेली, मग पिंपवाला, मग शाळा सुटली. खूण मिळेपर्यंत काच वाळून गेली.

इथे खरं लिहायचं असं ठरवलं आहे, म्हणून लिहितो. आज मनात आलं की आपलं संपलं की काय? मी कोण होतो? दुकानांच्या पाट्या रंगवायचो. एका फिरत्या फोटोवाल्याच्या पाठीमागे लागून, त्याच्या शिव्या खाऊन हे काम उचललं. घरच्यांनी वेड्यात काढलं. चांदीच्या पाण्याने बोटं काळी झाली तेव्हा लग्नाला मुलगी कोण देईल म्हणून आईने रडून घेतलं. हिने पहिल्यांदा माझी बोटं बघितली तेव्हा विचारलं, "धुऊन जातं का हो?" मी नाही म्हटलं. "मग बरं, उगाच साबण नको," म्हणाली आणि होकार दिला. त्या बोटांवर सगळं उभं केलं. छप्पर उतरवून काचेचं केलं, तेव्हा शेजारी म्हणाले पहिल्या गारांना भोकं पडतील. पडली. पुन्हा बसवलं. असा मी, तो काय कोळशाच्या गाडीला हार जाणार?

सापडेल. कारण असणारच आणि ते मी हुडकून काढीन.

जाता जाता, आजकाल दिव्याचं तेल फार वाईट येतं. रात्री लिहिणं सोडलं. दिवसाच, या काचेच्या छपराखाली लिहितो.

मंगळवार, ता. ११

छपराच्या काचा धुऊन घेतल्या. भिंग खोलून मऊ कातड्याने पुसलं. तरी काळं कापड डोक्यावर घेऊन कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर बघितलं की मधोमध धूर. कडेला सगळं ठीक, चेहरा असतो तिथेच नेमका धूर. भिंगाच्या पोटात काही शिरलं असावं. नवीन भिंग बोटीने मागवायचं तर तोवर टिटवी गेलेली असणार. मग काय, आहे त्या भिंगाशीच झुंजायचं.

हिने आज नवीनच खूळ काढलं. हिचं माहेर शिंप्याचं, हातात दोरी आली की हिला काही ना काही मापावंसं वाटतं. भिंगाच्या पितळी कड्याला एक सुतळी बांधली. तिला एका ठिकाणी गाठ. माणूस बसलं की सुतळी ताणायची, गाठ डोळ्याच्या कडेशी आली पाहिजे, नाही आली तर माणसाला पुढेमागे सरकवायचं. आणि कॅमेऱ्याची पेटी जिथवर ओढायची तिथे एक जाड दोरा गुंडाळला, बोटाला लागेल असा.

"हे कशाला?" म्हटलं.

"अहो, कुणी पुढे बसतं, कुणी मागे. एकाचं डोकं मोठं येतं, एकाचं छोटं. पुठ्ठे कापताना माझा जीव जातो. एकसारखे आले तर मला बरं."

मी म्हटलं, ठीक आहे बाई. सुतळीने काही बिघडत नाही.

शुक्रवार, ता. १४

फत्ते! पोस्टमास्तरांना निरोप पाठवून बोलावलं. बसा म्हटलं, शेवटचं. हिने सुतळी ताणली, त्यांना चार बोटं मागे सरकवलं. मी दोऱ्यापर्यंत पेटी ओढली, वाकून दुधी काचेवर नजर टाकली (धूर होताच), मनात म्हटलं बघू. काच धुऊन झाली तेव्हा ही अंधारखोलीच्या दारातून ओरडली, "मिशा!"

पोस्टमास्तर फोटो हातात घेऊन खिडकीशी गेले. एकेक बाजूने मिशी बघितली. मग खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि "उजवी बाजू जरा कमी पिळली गेली होती," एवढंच म्हणाले.

म्हणजे खुर्ची ठोकण्याचाच गुण. लोखंडी पट्ट्या लाकडात मुरायला काही दिवस लागत असणार, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. सुताराला रस्त्यात हाक मारून तसं सांगितलं. तो "बरं मालक" म्हणाला.

ही आज जेवताना गुणगुणत होती.

सोमवार, ता. १७

गिऱ्हाइकं परत येऊ लागली. कारंज्यापुढे बसलेला एक किराणावाला आज आमच्याकडे येऊन सांगत होता की तिकडे कारंजं छान येतं, माणूस कसंबसं.

हिने अंधारखोलीतल्या बाटल्यांच्या गळ्यांना चिंध्या बांधल्या. एकीला एक गाठ, दुसरीला दोन. "अंधारात हाताला कळावं म्हणून." घर सजवायची हौस बायकांना कुठेही आवरत नाही. पण सोय आहे, खोटं कशाला बोलू.

टिटवीने या वहीसाठी एक पुठ्ठा दिला, त्याला आडव्या खाचा पाडलेल्या. पुठ्ठा पानावर ठेवायचा आणि खाचेत लिहायचं. माझ्या ओळी म्हणे एकमेकींच्या डोक्यावर चढतात. मी म्हटलं घाईत लिहितो म्हणून. आज तिनेच माझ्या बंडीची बटणं काढून पुन्हा लावली, एक घर चुकलं होतं. लग्न झालेल्या मुली बापाला लहान मूल समजतात.

फोटोवरून मात्र घरात खटका उडाला. मला टिटवी खुर्चीत नको आहे. तिचा प्रवासाचा लांब कोट शिंप्याकडून शुक्रवारी येईल. तो घालून, टोपी घालून तिने उत्तरेच्या मोठ्या खिडकीशी उभं राहायचं, चेहऱ्यावर कडेने उजेड. निघालेली मुलगी. डोळ्यांपुढे चित्र पक्कं आहे.

ही म्हणाली, "खुर्चीतच बसू दे की. खुर्चीत आता छान येतात."

"खुर्चीत सगळं गाव बसतं."

"म्हणून आपली पोरगी बसली तर काय बिघडलं?"

टिटवी म्हणाली, "बाबा, मला खुर्चीतच आवडेल."

"तुला काय कळतं? गप्प बस."

दोघी एक झाल्या की मी आणखी हट्टाला पेटतो, हे एव्हाना दोघींना ठाऊक असायला हवं. शेवटी ही म्हणाली, "मग मला तिथलंही माप घेऊ दे." मी म्हटलं, मुलीच्या फोटोत दोऱ्या नाचवायच्या नाहीत. हे माप मी डोळ्यांनी घेणार. ही उठून गेली.

शनिवार, ता. २२

जसं झालं तसं लिहितो. हात थांबायला लागला तरी लिहितो.

काल कोट आला. आज आभाळ मोकळं होतं. ही घाऊक बाजारात औषधांच्या बाटल्या आणायला गेली होती, आणि मला तेच हवं होतं. टिटवीला म्हटलं, कोट-टोपी घालून खिडकीशी उभी राहा, मी काच तयार करून आणतो. "आई येऊ दे ना," म्हणाली. मी नाही म्हटलं.

आधी जागा बघून घ्यावी म्हणून कॅमेरा खिडकीकडे वळवला आणि कापडाखाली शिरलो. दुधी काचेवर धुरामागे तिचा कोट दिसला, वर टोपी, कडेने उजेड, अगदी मनात होतं तसं. फोटोला उभं राहिलं की बोलायचं नाही ही माझीच शिस्त आहे, म्हणून ती गप्प. मी सांगू लागलो. हनुवटी जरा वर. अंहं, फार नको. खांदा खिडकीकडे. असं. आता भिंगाकडे बघ. बापाकडे बघतेस तशी बघ. मग कापडाखाली कोणी बघत नाही म्हणून असेल, आणखीही बोललो. म्हटलं, पोरी, तिकडे तुला काही कमी पडू नये. मी तुला त्या दिवशी उगाच बोललो.

तेवढ्यात मागून, जिन्याच्या दाराकडून आवाज आला, "बाबा."

मी तसाच कापडात.

"बाबा, मी इथे आहे. हातमोजे आणायला खाली गेले होते. तो स्टँड आहे."

कोट आणि टोपी तिने कपड्यांच्या स्टँडला अडकवून ठेवली होती. मी स्टँडला हनुवटी वर करायला सांगत होतो.

कापडातून बाहेर यायला मला फार वेळ लागला. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती जवळ आली आणि माझ्या कोपराला धरून मला खुर्चीत बसवलं. त्याच ठोकलेल्या खुर्चीत. मग रडायलाच लागली. म्हणाली, "मी हलले नव्हते, बाबा. त्या दिवशी मी अजिबात हलले नव्हते."

ही आली तेव्हा आम्ही तसेच होतो. हिने बाटल्या खाली ठेवल्या, स्टँडकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं. खाली बसून म्हणाली, "किती दिसतं?"

"कडेकडेने दिसतं. मधे धूर."

"भिंगात?"

"भिंगात नाही," मी म्हटलं. हे दोन शब्द मी आज पहिल्यांदा बोललो, मनातसुद्धा बोललो नव्हतो.

मग मीच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सिंहांना नाकं नाहीत म्हटलं ना मी, तेव्हा. वाटलं, एवढं सांगितलं की तुमचं तुम्हाला कळेल. तुम्ही सुताराला बोलावलंत."

आणि मला हसू आलं. आम्ही तिघंही हसलो, टिटवी रडता रडता. चांगल्या भल्या खुर्चीला मी बेड्या ठोकल्या! मग हसणं थांबलं आणि मला संताप आला. दोघींनी मिळून मला खेळवलं. सुतळी, दोरा, चिंध्या, पुठ्ठा. मी म्हटलं, "मला सांगायचं नाही? या घरात मी कोण आहे?"

ही म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही कॅमेऱ्याला हात लावला असतात का? ती जायच्या आधी घरात सुतक नको होतं मला." सुतार आला त्याच दिवशी ही डॉक्टरांनाही विचारून आली होती. ते म्हणाले, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण या वयात मधलं जातं ते बहुतेक परत येत नाही. कडेचं राहतं.

मी जेवलो नाही.

रविवार, ता. २३

सकाळी उठून छपराखाली बसलो. हात पुढे धरून बघितले. बोटं काळी, तशीच. हातांचं काही गेलेलं नाही. औषध ओतणं माझं राहिलं, चांदीचं पाणी राहिलं, वासावरून काच कधी काढायची ते राहिलं, उजेड कुठून किती येतो ते कातडीला कळतं, तेही राहिलं. गेलं काय, तर दुधी काचेवरचं मधलं वीतभर. तेवढ्यासाठी मी दुकान बंद करून बसलो तर त्या फिरत्या फोटोवाल्याच्या शिव्या फुकट गेल्या म्हणायच्या.

हिला हाक मारली. म्हटलं, ये कापडात.

"मी?"

"मग काय सुतार?"

हिने डोकं आत घातलं आणि किंचाळली. "अगबाई, ही उलटी लटकते आहे!" टिटवी खिडकीशी उभी होती, कोट घालून, खरीखुरी. मी म्हटलं, सगळं जग उलटंच येतं, आपण सरळ मानून चालायचं. टोपी बघू नकोस, कोट बघू नकोस. फक्त डोळा बघ. पेटी हळूहळू मागे घे, डोळ्यात उजेडाचा ठिपका दिसेपर्यंत. दिसला की आणखी बघ, तो टोकदार होईपर्यंत. हिने बराच वेळ घेतला. हिला घाई करायला मला धीर झाला नाही. मग कापडातून आवाज आला, "आता."

मी काचेवर औषध ओतलं, काच बुडवली, आणली, बसवली. झाकण मी काढलं आणि मोजलंही मीच. टिटवी हलली नाही. त्या दिवशीही हलली नव्हती.

काच धुऊन झाल्यावर हिच्या हातात दिली. म्हटलं, "ठिपका आहे का?"

ही काच घेऊन खिडकीशी गेली. मी म्हटलं, "नसेल तर सांग, पुन्हा काढू, अजून ऊन आहे."

"ठिपका नाही," ही म्हणाली. "खिडकी आहे. तिच्या डोळ्यात आपली खिडकी दिसते आहे. चारी तावदानं."

मी काच डोळ्यांच्या कडेशी धरली, तिरपी, सरळ, उजेडाला लावून. मला तावदानं दिसली नाहीत. हिला दिसली, म्हणजे आहेत.

गुरुवार, ता. २७

टिटवी म्हणाली, "माझा इथे राहणार. मग मी काय नेऊ?" तिला माझा फोटो हवा. सगळ्यांचे काढले, माझा कुणी काढलाच नाही.

मी काचेवर औषध ओतून दिलं आणि खुर्चीत जाऊन बसलो. ही मानेचा चिमटा घेऊन आली, डोकं हलू नये म्हणून मागून लावतात तो. मी म्हटलं, "मला चिमटा? उभा जन्म लोकांना 'हलू नका' सांगण्यात गेला माझा." ही कापडात शिरली, बाहेर आली, झाकणाला हात लावून म्हणाली, "हं. हलू नका." माझाच सूर, माझीच जरब. टिटवी तिच्या शेजारी कोट घालून उभी होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. नजर जरा बाजूला केली की कडेने दिसत होती.

पण भिंगाकडेच बघायचं असतं. मी भिंगाकडे बघितलं, आणि ती गेली.

ही मोजत होती. मी दात आवळून बसलो होतो. कुठल्या आकड्याला ते आठवत नाही, पण छातीतून काहीतरी वर आलं आणि खांदे माझे राहिले नाहीत.

अंधारखोलीत मी दाराबाहेरून सांगत गेलो आणि हिने सगळं स्वतःच्या हाताने केलं. काच घेऊन बाहेर आली.

"हललात."

"खुर्ची?"

"खुर्ची झकास आहे. सिंहांची आयाळ मोजून घ्या."

मी म्हटलं, चला, पुन्हा. अजून ऊन आहे, आता चिमटा लावा. पण टिटवी ऐकेना. ती म्हणाली, "मला हाच हवा. याचीच प्रत द्या." फोटो वाईट आला की गिऱ्हाईक परत आणतं. या मुलीने तो उन्हात छापून होईपर्यंत जागा सोडली नाही, आणि ओला असतानाच कपड्यांत गुंडाळला.

सोमवार, ता. ३१

शनिवारी बोट गेली. धक्क्यावर मी हात हलवत राहिलो. कुठल्या बाजूला हलवायचा ते ही सांगत होती.

काल दुकान उघडलं नाही. आज उघडलं. डॉक्टरांकडे परवा जायचं आहे, ही बरोबर येणार. सुतार येऊन पट्ट्या काढू का विचारून गेला. मी म्हटलं, राहू दे, चांगल्या बसल्या आहेत.

हिने टिटवीचा खिडकीतला फोटो चौकटीत घालून दारासमोरच लावला. येणारा प्रत्येक जण आधी तिथे थांबतो. मला तो पाठ आहे. कोण किती वेळ थांबलं ते जिन्यावरची पावलं थांबली की कळतं.

पोस्टमास्तर आज बायकोला घेऊन आले. ही तिला माप घेऊन बसवत होती आणि मी काच पुसत होतो, तेवढ्यात त्यांचा जाळीआडचा आवाज आला, "अहो, हे काय? हे तुम्ही आहात!"

ते 'हलाल तर असे दिसाल' पाटीपुढे उभे होते. हिने माझ्या फोटोची दुसरी प्रत करून, मला न सांगता, पोरीच्या त्या दोन नाकांच्या फोटोशेजारी लावली होती. तीच खुर्ची, तेच सिंह, आयाळ केस न् केस. एका खुर्चीत चार वर्षांची टिटवी, दुसरीत मी, आणि दोघांच्याही चेहऱ्याच्या जागी धुकं.

"तुम्हाला कोणी हलवलं?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

मी म्हटलं, "पोरीने."

 मी काचेवर औषध ओतलं, चारी कोपऱ्यांत फिरवलं, उरलेलं बाटलीत परत सोडलं. मग कापडातून हिचा आवाज आला, "आता," आणि मी काच घेऊन अंधारखोलीत गेलो.